अलाबामात जोन्स का पडले?

महाभियोगात ट्रम्पविरोधी मत दिल्यामुळे अलाबामाचे डेमोक्रॅट सिनेटर डग जोन्स २०२० मध्ये हरले, असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. २०१७ ची पोटनिवडणूक ते जेमतेम २२ हजार मतांनी जिंकले, तीही समोर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झालेले रिपब्लिकन उमेदवार रॉय मूर होते म्हणून. जवळपास तेवढ्याच लोकांनी दोघांनाही नाकारून मतपत्रिकेवर तिसरंच नाव लिहिलं. खुद्द रिपब्लिकन सिनेटर रिचर्ड शेल्बींनीही. २०२० मध्ये रिपब्लिकनांकडून टबरविल, म्हणजे ऑबर्न विद्यापीठाचे माजी फुटबॉल कोच, उभे राहिल्यावर हे नाराज लोक पक्षाकडे परतणारच होते. निकाल टबरविल साठ टक्के, जोन्स चाळीस. बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये १९६३ साली चार मुलींचा जीव घेणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांपैकी दोघांना ज्याने २००१-०२ मध्ये शिक्षा मिळवून दिली, त्या वकिलाने, म्हणजे जोन्स यांनी, सीटसाठी महाभियोगातलं मत बदलायला हवं होतं का? मला तरी त्यांचा अभिमानच वाटतो.