इन्स्ट्रुमेंट रेटिंग: जुनं जीपीएस की वॉसवालं? सल्ला हवा

ढगाळ_वाट:
नमस्कार. मी ओहायोत राहतो, प्रायव्हेट लायसन्स झालंय, आता इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगात फक्त उपकरणांवर उडण्याची परवानगी) सुरू करतोय. क्लबमध्ये दोन सेसना १७२ आहेत. एकीत जुना गार्मिन ४३० जीपीएस सेट, वॉस (जीपीएसमधली चूक दुरुस्त करणारी यंत्रणा) नसलेला. दुसरीत वॉसवाला ४३०डब्ल्यू, पण तिचं भाडं तासाला १८ डॉलर जास्त. ४० तासांचा हिशोब केला की पोटात गोळा येतो. जुन्यावर भागेल का? आणि जीपीएस ॲप्रोचचा (जीपीएसवर धावपट्टीकडे उतरत येण्याचा) सराव कसा करावा?

धावपट्टी_२७:
मी इकडेच इन्स्ट्रुमेंट शिकवते. भागेल, पण ४३०डब्ल्यूच घ्या. जुना सेट फक्त एलनॅव्ह देतो: डावं-उजवं कळतं, उतार कळत नाही. पायरीपायरीने एमडीएपर्यंत (धावपट्टी दिसेपर्यंत जिच्या खाली जायचं नाही त्या उंचीपर्यंत) यायचं आणि तिथे सपाट उडत धावपट्टी शोधायची. निघण्याआधी रेमचा (सेटने स्वतःच सिग्नल तपासण्याच्या सोयीचा) अंदाजही बघावा लागतो, कारण चुकीचा सिग्नल ओळखायला सेटला किमान ५ उपग्रह दिसावे लागतात. वॉसमध्ये दुरुस्त्या वेगळ्या उपग्रहावरून येतात, म्हणून एलपीव्ही मिळतं: आयएलएससारखी (धावपट्टीजवळच्या रेडिओवर उतरवणाऱ्या यंत्रणेसारखी) उताराची सुई, चांगल्या ठिकाणी २०० फुटांपर्यंत. धावपट्टीपासून ३०० फूट किंवा त्याहून कमी उंचीचं डीए (धावपट्टी दिसली नाही तर जिथून परत वर चढायचं ती उंची) असेल, तर परीक्षेत ते प्रिसिजन ॲप्रोच म्हणून धरतात.

एक गोष्ट मात्र जिवाची. फायनल फिक्सच्या (जिथून शेवटचा उतार सुरू होतो त्या बिंदूच्या) आधी स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा. माझ्या एका विद्यार्थ्याला एलपीव्ही अपेक्षित होतं, तिथे एलनॅव्ह+व्ही होतं. सुई तशीच हलते, तशीच खाली नेते, पण ती केवळ मदतीला असते. एमडीएच्या खाली उतरायची परवानगी ती देत नाही. तो एमडीएच्या खाली चाललाच होता. मी यॉक धरून वर ओढलं. त्या दिवसापासून माझ्या विमानात ते अक्षर वाचल्याशिवाय कुणी खाली येत नाही.

वाऱ्याची_दिशा:
ताईंशी सहमत, पण व्हीओआर (जमिनीवरचे दिशादर्शक रेडिओ) आणि आयएलएस सोडू नका. मी मुंबईहून आखाताकडे एअरबस उडवतो. इराकच्या आसपास जीपीएस गायब होणं, कधी खोटी जागा दाखवणं, हे आता नेहमीचं झालंय. उपग्रहाचा सिग्नल इतका क्षीण असतो की जमिनीवरचा जॅमर त्याला सहज दाबतो. पुढे भारतात परतायचं असेल तर गगन आहेच, वॉससारखीच भारताची यंत्रणा, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची. २८ एप्रिल २०२२ ला किशनगडला एटीआर विमान तिच्याच एलपीव्हीवर उतरलं. आपल्याकडे विषुववृत्ताजवळच्या आयनावरणात सिग्नलला होणारा उशीर फार बदलतो, तरी ते जमवलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

ढगाळ_वाट:
खूप आभार. पैसे वाचवायला आणखी काही?

धावपट्टी_२७:
बटणं घरी शिका. गार्मिनचा सिम्युलेटर कॉम्प्युटरवर चालतो. मिस्ड ॲप्रोच पॉइंट (धावपट्टी न दिसल्यास जिथून परत वर चढायचं तो बिंदू) ओलांडला की स्क्रीनवर सस्प, म्हणजे पुढचा मार्ग थांबवलाय, असं दिसतं. ओबीएस बटण दाबल्याशिवाय सेट मिस्डचा मार्ग धरत नाही. विमान वर चढवता चढवता हे आठवत बसू नका, २५-३० वेळा खुर्चीत बसून करा. आयएलएसला सुई जीपीएसवरून व्हीलॉकवर (जमिनीवरच्या रेडिओवर) नेण्याचंही तेच. आणि विमान ठरवण्याआधी सेटमधल्या मार्गांच्या डेटाबेसची तारीख विचारा, तो दर २८ दिवसांनी बदलतो.

ढगाळ_वाट:
विचारलं, डब्ल्यूचा डेटाबेस चालू आहे. शनिवारची पहिली वेळ घेतली.