मदत हवी आहे: 'मधुमेह मुळापासून बरा' ही जाहिरात थांबवली, ती नव्या नावाने परत आली, आता तक्रार कुठे करावी?

नमस्कार.

माझी मावशी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. वय 63. गेली 11 वर्षे तिला मधुमेह आहे आणि सकाळ-संध्याकाळच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्यांवर तिची साखर बऱ्यापैकी आटोक्यात होती. गेल्या श्रावणात तिकडच्या एका दैनिकाच्या पुरवणीत पानभर जाहिरात आली: 'मधुमेह मुळापासून बरा. 90 दिवसांत गोळ्या बंद.' सोबत पांढरा कोट घातलेल्या एका गृहस्थांचे छायाचित्र आणि दर रविवारी मंगल कार्यालयात मोफत तपासणीचे निमंत्रण. मावशी शेजारणीबरोबर तिथे गेली, तीन महिन्यांच्या पावडरीचे 9,600 रुपये भरून आली आणि घरात कोणाला न सांगता तिने गोळ्या बंद केल्या. सहाव्या आठवड्यात तिला भोवळ आली. दाखल केले तेव्हा साखर 388 होती. चार दिवस रुग्णालयात काढून ती घरी आली, आता बरी आहे. पण 'अगं, पेपरात छापून आलं होतं' असे ती अजूनही म्हणते आणि तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचत नाही.

ते कात्रण आता माझ्यासमोर आहे. मथळ्याची मराठी अक्षरे बोटभर उंचीची आहेत. पानाच्या अगदी तळाशी, फोन क्रमांकाच्या लाल पट्टीखाली, भिंग लावून वाचावी लागेल अशी एक इंग्रजी ओळ आहे, जिचा अर्थ असा की हे उत्पादन कोणत्याही रोगाच्या उपचारासाठी नाही. मावशीला इंग्रजी वाचता येत नाही. केंद्र सरकारने 9 जून 2022 रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली, त्यांत असा खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात असावा, त्याने मूळ दाव्याला छेद देऊ नये आणि खोटा दावा खुलाशाने दुरुस्त करू पाहू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. इथे या सगळ्याचाच भंग झालेला दिसतो. डबा पाहिला तर आणखी एक गोष्ट ध्यानात आली: त्यावर मधुमेहाचा उल्लेखच नाही. आहे तो अन्नपदार्थाचा 14 अंकी परवाना क्रमांक. म्हणजे डब्यावर ते अन्न आणि वर्तमानपत्रात ते औषध.

मी प्रथम भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे 'अ‍ॅस्की'कडे, ऑनलाइन तक्रार केली. तक्रार मान्य झाली आणि ती जाहिरात थांबली. मला खरोखर समाधान वाटले. ते जेमतेम तीन आठवडे टिकले. त्यानंतर दुसऱ्या एका दैनिकात आणि स्थानिक केबल वाहिनीवर तेच गृहस्थ, तेच मंगल कार्यालय, फक्त पावडरीचे नाव वेगळे आणि 'मधुमेह बरा'च्या जागी 'साखर कायमची नॉर्मल'. परिषदेबद्दल माझी तक्रार नाही. 1985 साली जाहिरात व्यवसायानेच उभी केलेली ती स्वनियमन करणारी संस्था आहे, तिला दंड करण्याचा अधिकार नाही आणि तिने तिचे काम चोख केले. मला आता एखादी जाहिरात नव्हे, तर तो दावा आणि तो विक्रेता थांबवायचा आहे.

त्यासाठी एका सरकारी कार्यालयात गेले असता 'हे औषध नाही, म्हणून औषधांचा कायदा लागत नाही' असे सांगून मला परत पाठवण्यात आले. हे बरोबर आहे का? छापणाऱ्या दैनिकावर काही जबाबदारी येते की नाही? आणि मावशीचे पैसे व रुग्णालयाचा खर्च यांसाठी वेगळी वाट धरावी लागते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

ताई, तुम्हाला दिलेले ते उत्तर चुकीचे आहे. 1954 च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय याविषयीच्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात रोग बरा करण्यासाठी म्हणून वापरायचा कोणताही पदार्थ 'औषध' या व्याख्येत बसतो. परवाना कशाचा आहे याने फरक पडत नाही. मधुमेह त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्यावरील उपचाराची जाहिरात करणे हाच गुन्हा आहे आणि पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. समजा, ते अन्नच आहे असे धरले, तरी अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 53 खाली फसव्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आपल्या राज्यात दोन्ही बाबी अन्न व औषध प्रशासनाकडेच येतात, म्हणून एकाच अर्जात दोन्ही कायदे लिहा.

दुसरा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 17 नुसार फसव्या जाहिरातीची तक्रार त्यांच्याकडे किंवा थेट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे करता येते. प्राधिकरण 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकते. केबल वाहिन्यांच्या कायद्यातही जिल्हाधिकारी प्राधिकृत अधिकारी आहेत आणि जाहिरात मानक परिषदेच्या संहितेचा भंग करणारी जाहिरात केबलवर दाखवू नये असा नियम आहे, त्यामुळे परिषदेचा निर्णय अर्जाला अवश्य जोडा.

दैनिकाचे म्हणाल तर, 'नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून छापली' हा बचाव ग्राहक संरक्षण कायद्याने त्यांना दिला आहे. मात्र प्राधिकरणाने जाहिरात मागे घेण्याचा आदेश काढल्याचे ठाऊक असूनही छापली, तर तो बचाव उरत नाही. म्हणून आदेश निघाल्यास त्याची प्रत त्या भागातल्या प्रत्येक दैनिकाला पोच घेऊन द्या. भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे जायचे असेल, तर दैनिकासाठी छापल्यापासून दोन महिन्यांची मुदत आहे.

पैशांसाठी मात्र जिल्हा ग्राहक आयोग. प्राधिकरण समस्त ग्राहकांच्या वतीने कारवाई करते, एकट्या मावशीला भरपाई देत नाही. आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, तक्रार मावशी राहते त्याच जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. पावती आहे ना?

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. पावती आहे, पण ती कोऱ्या वहीच्या पानावर रबरी शिक्का मारून दिलेली आहे आणि तीवर पावडरीचे नाव नाही, नुसते 'कोर्स' असे लिहिले आहे. डबा, रुग्णालयाची कागदपत्रे आणि दोन्ही कात्रणे तारखेसह जपून ठेवली आहेत. शेजारणीनेही तिथेच पैसे भरले होते आणि ती लेखी द्यायला तयार आहे. सोमवारी दोन्ही अर्ज समक्ष देऊन पोच घेईन.

आता अडचण केबलवरच्या जाहिरातीची आहे. ती रात्री साडेनऊच्या सुमारास लागते. दूरदर्शन संचासमोर मोबाइल धरून केलेले चित्रण पुरावा म्हणून चालेल का, की त्यासोबत काही प्रतिज्ञापत्र द्यावे लागते? कोणी असा अर्ज केला असेल, तर कृपया त्याचा मसुदा इथे द्यावा.