कुंडलिका, म्हादई की चालीपुझा? पाणी किती असताना कायाक घालावी?

मावळतीर:
नमस्कार मंडळी. मी पुण्याची. पवना आणि मुळशीच्या जलाशयात कायाक भरपूर चालवली आहे, वाहत्या पाण्याचा प्राथमिक कोर्स ऋषिकेशला केला. शांत पाण्यात रोल (उलटलेली कायाक आत बसूनच सरळ करणं) हमखास येतो, वाहत्या पाण्यात दहातले सहा-सात. आता आपल्याकडच्या नद्यांवर स्वतःची कायाक घेऊन जायचं आहे. सोबत दोन मैत्रिणी, माझ्याच तयारीच्या.

अडचण अशी की ज्याला विचारावं तो ग्रेडच, म्हणजे नदी किती अवघड याचा आकडा, सांगतो. 'कुंडलिका दोन-तीन', 'म्हादई दोन-तीन'. पण हा ग्रेड कुठल्या पाण्याचा? फेब्रुवारीतली कुंडलिका आणि जुलैतली कुंडलिका एकच कशी असेल? कुठून सुरुवात करावी, पाणी किती असताना उतरावं आणि किती दिसलं की गाडी वळवून घरी यावं, हे कुणी अनुभवाने सांगेल का?

कोलाडकाठ:
ताई, कुंडलिकेपासूनच सुरुवात करा, आणि पावसाळा सोडून. आमच्या नदीचं पाणी पावसापेक्षा विजेवर जास्त चालतं. मुळशीचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून भिऱ्याला उतरतं, तिथे १९२७ पासून वीज होते. मग ते रावळजेला अडतं आणि तिथून सकाळी नदीत सोडतात. त्या पाण्यावर साजे गावापासून खाली साधारण १२ किलोमीटर राफ्ट जातात. (ज्या मुळशीसाठी सेनापती बापट आणि मावळे लढले, तेच हे पाणी. नदीत उतरताना मला त्याची आठवण होतेच.)

म्हणजे हिवाळ्या-उन्हाळ्यात पाणी ठरलेल्या वेळी येतं आणि ठरलेल्या वेळी ओसरतं. शिकणाऱ्याला याहून चांगलं काय हवं? मात्र सुटलेल्या पाण्याच्या तोंडाशी राहू नका. पाणी येऊन पातळी स्थिर होऊ द्या, पहिल्या राफ्ट जाऊ द्या आणि त्यांच्या मागोमाग निघा. उशीर करूनही चालत नाही. पाणी बंद झालं की सोडलेल्या पाण्याचं शेपूट निघून जातं, मग गोटे वर येतात आणि नाव खांद्यावर घेऊन चालावं लागतं. आदल्या संध्याकाळी राफ्टवाल्यांना फोन करून उद्या पाणी आहे का, किती वाजता, हे विचाराच. विजेची मागणी नसेल तर पाणीही नसतं.

जुलै-ऑगस्टचं गणित वेगळं. सोडलेल्या पाण्यात ताम्हिणीच्या बाजूचे सगळे ओढे येऊन मिळतात. डोलवहाळ बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी २३ मीटर आणि धोका पातळी २३.९५ मीटर आहे. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात रोज आकडे देतं. पाणी इशाऱ्याकडे सरकताना दिसलं तर पुण्यातूनच निघू नका.

डोहकाठ:
प्रश्न फार योग्य विचारलात. ग्रेड हा नदीचा कायमचा गुण नाही, त्या दिवशीच्या पाण्याचा आहे. आकड्यांची जाणीव असावी म्हणून सांगतो: एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. हजार क्यूसेक म्हणजे दर सेकंदाला २८ टन पाणी तुमच्या अंगावरून जातं. आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. त्यामुळे 'थोडंसंच वाढलंय' हे काठावरून वाटतं, नावेत बसल्यावर वाटत नाही.

एकच खडक डोळ्यांसमोर आणा, नदीच्या मधोमध, म्हशीएवढा. कमी पाण्यात तो उघडा असतो, दोन्ही बाजूंना चिंचोळी वाट, खाली गोटे. नाव आडवी झाली की त्याला चिकटते. मध्यम पाण्यात खडकापुढे पाण्याची उशी तयार होते, तीच नावेला बाजूला सारते, आणि मागे छान एडी, म्हणजे खडकाआडचं संथ पाणी, मिळते. तिथे थांबा, श्वास घ्या, पुढची वाट बघा. आणखी पाणी वाढलं की ते खडकाच्या डोक्यावरून जातं आणि मागे होल होतो, म्हणजे पाणी तिथल्या तिथे उलटं फिरतं आणि नाव धरून ठेवतं. वरून येताना तो दिसतच नाही, फक्त पाण्याची एक गुळगुळीत आडवी रेघ दिसते आणि तिच्यापुढे काहीच नाही. याच पातळीला सर्वात जास्त माणसं अडकतात. त्याहून वाढलं की होल पुसला जातो, मोठ्या लाटा उरतात. आता नाव चालवायला सोपी वाटते, पण एडी गेलेल्या असतात, काठावरची करंज-उंबराची झाडं पाण्यात आलेली असतात आणि नावेबाहेर पडलात तर पोहणं संपता संपत नाही. झाडाच्या फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही. पुराच्या पाण्यात मला होलपेक्षा या झाडांची जास्त भीती वाटते.

म्हणून कमी पाणी म्हणजे सुरक्षित, हा समजही सोडा. गुडघाभर धावत्या पाण्यात उभं राहायला गेलात आणि पाय दोन गोट्यांच्या सांदीत अडकला, तर पाणी तुम्हाला पुढे आडवं पाडतं. कमी पाण्यातले बरेच अपघात असेच होतात. पडलात तर पाठीवर व्हा, पाय पुढे आणि वर ठेवा. पाणी अगदी उथळ आणि संथ होईपर्यंत उभं राहायचं नाही.

पाणी चढतंय का हे ओळखायला उतरण्याआधी पाण्याच्या कडेला एक काडी खोचा आणि कपडे बदलेपर्यंत तिच्याकडे लक्ष ठेवा. काडी बुडाली, रंग चहासारखा झाला, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागल्या, तर नदी चढते आहे. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर घाटात पाऊस कोसळत असू शकतो. चढत्या पाण्यात उतरायचं नाही, यावर मी कुणाशीही वाद घालत नाही. उतरतं पाणी चालेल.

सत्तरीकार:
म्हादईबद्दल. आमच्याकडे गोव्यात, सत्तरीत, राफ्टिंग पावसाळ्यातच होतं, कारण इथे धरणातून पाणी सोडणं नाही, पाऊस हाच मालक. जुलैच्या झडीत नदी एका रात्रीत ओळखू येत नाही. तुमच्या तयारीला सप्टेंबर बरा. पाऊस विरळ होतो, पाणी निवळतं, पातळी दिवसभर फारशी हलत नाही. इथल्या राफ्ट गाईडना काठावरच्या कातळांवरून पातळी कळते, त्यांना विचारल्याशिवाय उतरू नका. आणि जंगलातला भाग आहे, मध्येच नदी सोडून रस्त्यावर येणं सोपं नाही.

भीमथडी:
एक गोष्ट अजून कुणी म्हटली नाही. बंधारे! महाराष्ट्रातल्या नद्यांवर रॅपिडपेक्षा (खळाळत्या उतारापेक्षा) कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा जास्त घातक. वरून पाणी जातं तेव्हा पायथ्याशी काठापासून काठापर्यंत एकसलग उलटा फिरणारा पट्टा होतो. नैसर्गिक होलला कुठेतरी फट असते, याला नाही. पावसाळ्यात बरगे (खांबांमधल्या फळ्या) काढलेले असले तर पाणी खांबांमधून जातं, तिथे नाव आडवी अडकते. वरून पाहिलं तर निरुपद्रवी दिसतं, उंचीही जेमतेम असते. नकाशावर उपग्रहचित्र लावून संपूर्ण टप्पा आधी बघा, प्रत्येक बंधाऱ्याची खूण करा आणि बरंच आधी काठाला लागा. कोलाडलाही डोलवहाळपर्यंत वाहत जायचं नाही, राफ्ट जिथे बाहेर पडतात तिथेच बाहेर.

मावळतीर:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आधी कुंडलिका, मग सप्टेंबरात म्हादई. आता शीर्षकातलं तिसरं नाव: केरळात कोळिकोडजवळ कोडंचेरीला पावसाळ्यात कायाकिंगचा महोत्सव होतो, तिथली चालीपुझा आमच्यासाठी कशी राहील?

डोहकाठ:
बघायला जरूर जा. २०१३ पासून मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो, पुलिक्कयमला चालीपुझेवर आणि इरुवंजीपुझेवर शर्यती होतात, काठावर उभं राहून तासभर पाहिलं तरी पुष्कळ शिकता येतं. पण उतरण्यासाठी अजून थांबा. तुम्ही शिकलात ती गंगा, रुंद आणि खोल. तिथे चुकलं तर पुढे मोकळं पाणी मिळतं. या नद्या अरुंद, उताराच्या, मोठमोठ्या दगडांच्या. एका उतारानंतर लगेच दुसरा, मध्ये नाव भरेल एवढीच एडी. पश्चिम घाटात सर आली की पातळी तासाभरात बदलते. सकाळी पाहिलेली वाट दुपारी असेलच असं नाही. वाहत्या पाण्यातला रोल दोन्ही बाजूंनी पक्का झाला, कुणी न सांगता एडी पकडता यायला लागल्या, की तिथल्या प्रशिक्षकासोबत मध्यम पाण्यात जा. तिघींपैकी एकीचंही मन नको म्हणालं तर त्या दिवशी तिघींनीही उतरू नये.

कोलाडकाठ:
सामानाचं राहिलं. थ्रो बॅग (पाण्यात पडलेल्याकडे फेकायची दोराची पिशवी) तिघींकडेही हवी, दोर १५ ते २० मीटरचा, आणि ती काठावर उभं राहून फेकायचा सराव करून या. लाइफ जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत आलं तर ते ढिलं आहे. पहिल्या दिवशी राफ्टवाल्यांशी बोलून त्यांच्या ताफ्यातच चला, त्यांची सेफ्टी कायाक (बचावासाठीची) सोबत असते. येण्याआधी इथे लिहा, आदल्या दिवशीचं पाणी मी बघून सांगेन.