नववीची मुलं, संगणकाचा तास आणि "फाइल वर्डमध्येच आहे, बाई"

गणिताच्या_बाई

मी मूळची गणिताची. या सत्रात संगणक शिकवायला कुणी नाही म्हणून नववीच्या दोन तुकड्या माझ्या गळ्यात पडल्या. आठवड्याला दोन तास, चाळीस मिनिटांचे. लॅबमध्ये वीस यंत्रं, त्यातली सतरा चालू, म्हणजे एका यंत्रावर दोघं.

पहिला धडा इनपुट, आउटपुट, सीपीयू. तो मुलांनी पाठ करून टाकला. मग मी चार ओळी टाइप करून सेव्ह करायला सांगितलं. पुढच्या तासाला चौतीस जणांपैकी अकरा जणांना आपली फाइल सापडली. बाकीच्यांना विचारलं, कुठे ठेवलीत? "वर्डमध्ये." वर्डमध्ये म्हणजे कुठे? "वर्डमध्येच, बाई." वर माझ्याकडेच कीव आल्यासारखं बघत होती.

हीच मुलं फोनवर व्हिडिओ कापून, मागे गाणं जोडून दोन मिनिटांत पाठवतात. माझा फोन अडला की मी त्यांच्याच हातात देते. त्यामुळे "यांना यंत्राची भीती आहे" असं म्हणायची सोय नाही.

कपाट, कपाटातला खण, खणातला कागद असं सगळं फळ्यावर काढून झालं. एक मुलगा म्हणाला, "पण बाई, वर नाव टाकून शोधलं की येतंच ना? मग खण कशाला?" मला खरंच उत्तर देता आलं नाही. "शिस्त म्हणून" असं काहीतरी पुटपुटले आणि घंटा झाली.

हातात अठरा तास उरलेत. पुढे स्प्रेडशीट, इंटरनेटवरची सुरक्षितता आणि थोडं कोडिंग आहे. फोल्डरवर वेळ घालवू, की सोडून देऊ?

---

शून्य_एक

सोडून द्या. आता सगळं क्लाउडवर असतं आणि आपोआप सेव्ह होतं. थेट पायथन या कोडिंगच्या भाषेवर या, मुलांना त्यात रस वाटेल.

---

लॅबवाले_काका

शून्य_एक, पायथनमध्ये या मुलांनी एखादी फाइल उघडायला घेतली की पहिली लाल ओळ कोणती येईल सांगू? फाइल नॉट फाउंड. फिरून तिथेच येणार तुम्ही.

बाई, त्या मुलाचा प्रश्न अगदी रास्त आहे, त्याला शिस्तीचं उत्तर देऊ नका. कपाटाची उपमाही सोडा. कपाटाचा खण बदलला तरी कागदाचं काही बिघडत नाही, मग मुलांना खण महत्त्वाचा का वाटावा? जागा बदलल्यावर जे *बिघडतं* असं काहीतरी दाखवायला हवं.

मी असं करतो. एका फोल्डरमध्ये एक फोटो आणि नोटपॅडमध्ये लिहिलेलं चार ओळींचं वेब पान. त्यातली एक ओळ फोटो दाखवणारी, तिच्यात फोटोचं नाव. पान ब्राउझरमध्ये उघडलं की फोटो दिसतो, मुलं खूश. मग सांगायचं, फोटो उचलून डेस्कटॉपवर टाका आणि पान रिफ्रेश करा. फोटो गायब, त्या जागी फाटक्या चित्राची खूण. फोटो यंत्रात आहे, शोधला तर सापडतोही, पण पानाला दिसत नाही. शोधणं हे आपल्यासाठी आहे. पान शोधत बसत नाही, त्याला पत्ता लागतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की "पाथ" म्हणजे काय याची व्याख्या लिहून द्यावी लागत नाही.

दुसरा प्रयोग खास तुमच्यासाठी, कारण तुम्ही गणिताच्या. नोटपॅडमध्ये इंग्रजी छोटा ए हे एकच अक्षर लिहून सेव्ह करा आणि प्रॉपर्टीजमध्ये आकार बघा. १ बाइट. आता तो पुसून "क" लिहा. ३ बाइट. "कि" केलंत तर ६. मग मुलांना "क्ष"चा अंदाज करायला सांगा. बहुतेक जण ३ म्हणतात, डोळ्यांना एकच अक्षर दिसतं ना. उत्तर ९ येतं, कारण आत क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे आहेत आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याला तीन बाइट लागतात. माझ्याकडे त्या तासाला घंटा झाल्यावरही मुलं "ज्ञ", "श्री", स्वतःचं नाव मोजत बसली होती.

एक सावधगिरी. सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे ही साठवायची पद्धत, यूटीएफ-८ आहे ना ते बघा. जुन्या नोटपॅडमध्ये ठरावीक एएनएसआय ही जुनी पद्धत असते, त्यात "क"चं प्रश्नचिन्ह होतं. शिवाय जुनं नोटपॅड यूटीएफ-८ निवडलं तरी फाइलच्या सुरुवातीला स्वतःचे तीन बाइट घुसवतं. तेव्हा एका अक्षराला १ ऐवजी ४ दिसले तर वर्गासमोर घाबरू नका. मी घाबरलो होतो.

आणि फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, विंडोज मुळात लपवून ठेवतं. ते आधी दिसू द्या. मग एखाद्या वर्ड फाइलची कॉपी करून (कॉपीच!) तिचं डीओसीएक्स हे शेपूट काढून झिप लावा आणि उघडा. आत फोल्डर निघतात, एका फोल्डरमध्ये त्या फाइलीत टाकलेली चित्रं सुटी पडलेली असतात. "वर्डमध्येच आहे, बाई" याला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. फाइल वर्डमध्ये नसते, वर्ड फक्त ती उघडून दाखवतं.

एका यंत्रावर दोघं असतील तर दर दहा मिनिटांनी माउस बदलायला लावा. माउस ज्याच्या हातात, तोच शिकतो. दुसरा खिडकीबाहेर बघतो.

---

हिशेबनीस

मी शिक्षक नाही. दिवसभर स्प्रेडशीटमध्ये असतो, म्हणून तेवढ्यापुरतं बोलतो.

मुलांना रंग आणि आलेख शेवटी शिकवा. आधी चुका शिकवा. १-३ लिहून एंटर मारायला सांगा, त्याची तारीख होईल. हे फक्त आपल्यालाच छळतं असं नाही. काही जनुकांची नावं मार्च१, सेप्ट१ अशी होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं नावंच बदलली, मार्चएफ१ आणि सेप्टिन१ अशी. २०२० मध्ये ते नव्या नियमांतही आलं. सॉफ्टवेअरपुढे शास्त्रज्ञांनी हात टेकले ही गोष्ट नववीच्या मुलांना फार आवडेल.

दुसरी चूक माझी स्वतःची. नावं आणि रकमा शेजारी-शेजारी होत्या, मी फक्त नावांचा रकाना निवडून अकारविल्हे लावला. बाजूचे रकानेही घ्यायचे का, असं एक्सेलनं विचारलं होतं. मी घाईत नको म्हटलं. नावं हलली, रकमा जागेवरच. दिसायला शीट अगदी नीटनेटकी! दोन दिवसांनी कुणाच्यातरी लक्षात आलं तोवर मूळ फाइलवरच सेव्ह झालेलं होतं, अनडू करायलाही काही उरलं नव्हतं. तेव्हा लॅबवाले काकांच्या त्या "कॉपीच!"ला माझा पूर्ण पाठिंबा.

आणि बेरीज-सरासरीचं सूत्र लिहिल्यावर ते नेमक्या किती ओळी धरतंय हे बघायची सवय लावा. राइनहार्ट आणि रोगॉफ हे मोठे अर्थतज्ज्ञ. कर्ज आणि आर्थिक वाढीवरच्या त्यांच्या २०१० च्या लेखामागच्या शीटमध्ये सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. २०१३ मध्ये ते थॉमस हर्न्डन नावाच्या विद्यार्थ्यानं पकडलं, तेही वर्गाचा अभ्यास म्हणून तेच आकडे पुन्हा काढून बघताना. बाकी आक्षेपांवर वाद झाले, ही चूक मात्र लेखकांनी मान्य केली.

---

शून्य_एक

बरं, फाइल नॉट फाउंड मान्य. पण दोन तासांपेक्षा जास्त देऊ नका. नाहीतर मुलं वर्षभर खणच आवरत बसतील.

---

गणिताच्या_बाई

दोन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

"क्ष"चा तास सगळ्यात चांगला झाला. एका मुलीनं विचारलं, "मग माझं नाव देवनागरीत लिहिलं की जास्त जागा खातं?" खातं. तिनं दोन्ही लिपींत मोजून दाखवलं, मग वर्गभर कुणाचं नाव सगळ्यात जड याची शर्यत लागली. मला वाटलं होतं बाइट-किलोबाइटचं कोष्टक पाठ करून घ्यावं लागेल. ते मी काढलंच नाही.

फोटोच्या प्रयोगाला मात्र पहिल्या तुकडीत माझी फजिती झाली. निम्म्या मुलांची पानं मुळातच फोटो दाखवेनात. कारण तेच, शेपूट लपलेलं. फोटोचं नाव मुलांनी पुन्हा शेपूट लावून लिहिलं होतं, म्हणजे फाइल झाली "फोटो.जेपीजी.जेपीजी". काकांनी क्रम उलटा सांगितला असं मनात म्हटलं आणि दुसऱ्या तुकडीत आधी शेपटं उघडी केली. तिथे वीस मिनिटांत झालं.

खण कशाला विचारणारा मुलगा त्या दिवशी गप्प होता. शेजारच्यांचे फोटो हळूच दुसऱ्या फोल्डरमध्ये सरकवून तो त्यांची पानं फोडत होता, हे मला नंतर कळलं. म्हणजे पत्ता त्याला पुरता समजला. रागवावं की शाबासकी द्यावी हे ठरेना, मी पुढच्या तासाला त्याला सगळ्यांची पानं दुरुस्त करायला लावलं. बारा पानं, प्रत्येकात फोटोला नवा पत्ता. त्यानं फोटो परत आणले नाहीत, पानातली ओळच बदलली. मी हे शिकवलं नव्हतं.

हिशेबनीस, पुढच्या आठवड्यात स्प्रेडशीट. मुद्दाम चुकवलेली एक शीट द्यायचा विचार आहे, सहा चुका लपवून. तुमची ती नावं-रकमांची चूक त्यात घालते, नाव न सांगता. आणखी कुठल्या चुका घालू?

---

हिशेबनीस

एका आकड्याच्या आधी अपॉस्ट्रॉफी (') टाकून ठेवा, म्हणजे तो मजकूर होईल आणि बेरीज त्याला गुपचूप वगळेल. आणि एक ओळ लपवून ठेवा, हाइड करून. ती दिसणार नाही, पण साध्या बेरजेत धरली जाईल. दुसरी तर मोठ्या माणसांनाही सापडत नाही.