मदत हवी आहे: रविवारी घरच्यांना घेऊन नदीकाठी चालायला कुठं जावं? (कोल्हापूर)

वैतागलेला_भाचा
रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन नदीकाठानं तासभर चालायचंय. रस्ता सपाट हवा, फार लांब नको. शोधलं की पन्हाळा, मसाई पठार आणि मिसळीची दुकानं, एवढंच येतंय. मला ट्रेक नकोय. नेमकं सांगा, आज रात्री सगळ्यांना कळवायचंय.

पेठेतला
रंकाळा. विषय संपला. पूर्ण फेरी चारेक किलोमीटर, पण सक्ती कुणाची नाही. दमलं की बसायचं.

वैतागलेला_भाचा
रंकाळा तळं आहे. मी नदी म्हटलंय.

पेठेतला
पाणीच आहे की ओ.

शेंगोळे
किती जण? वयं काय? गाडी आहे का?

वैतागलेला_भाचा
सात. गाडी आहे.

शेंगोळे
वयं राहिली.

बंधारेवाला
कसबा बावड्याला राजाराम बंधाऱ्यावर जावा. पावसाळ्यात पंचगंगेची पातळी रोज पेपरात येते ना, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, ती इथलीच. असल्या बंधाऱ्याला सगळीकडं केटी वेअर म्हणतात, त्यातला 'के' म्हणजे आपलं कोल्हापूर, हे किती जणांना माहीत आहे? पाऊस संपला की बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात. सकाळी काठावर लै भारी वाटतं.

दोन_पोरांची_आई
बंधाऱ्यावर पोरं घेऊन? माझा धाकटा तिथं एकदा असा पळाला की माझा जीव कंठाशी आला. काठानं जा, वर चढू नका.

बंधारेवाला
आम्ही लहानपणापासून जातोय. पोरांचा हात धरला की झालं.

दोन_पोरांची_आई
हात दोनच असतात हो.

जुनी_माती
नदीकाठ म्हटलं की ब्रह्मपुरीची टेकडी आलीच. तिथं १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं. समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्तीही ब्रह्मपुरीचीच, ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. रोमशी व्यापार होता आपला! लोक बाजूच्या घाटावर रोज येतात, पण टेकडीकडं बघत नाहीत.

शेंगोळे
पोसायडन चालायला येणार आहे का यांच्याबरोबर? धागाकर्ते, वयं!

वैतागलेला_भाचा
आजी ८१, काठी घेऊन चालते. पुण्याची आत्या, तिची सून, बाळ बाबागाडीत. बाकी आम्ही धडधाकट. म्हणून तर सपाट म्हटलं होतं.

शेंगोळे
आता बोललात. मग पंचगंगा घाट बाद, नुसत्या पायऱ्या. बाबागाडी दोघांनी उचलायची आणि आजींना तिसऱ्यानं धरायचं, याला फिरणं म्हणत नाहीत.

कवठाची_बर्फी
सरळ नरसोबाच्या वाडीला जावा. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताचं दर्शन, बासुंदी, आणि येताना कवठाची बर्फी.

पेठेतला
जायला-यायला शंभरेक किलोमीटर! तासभर चालायचंय म्हणाले ते.

कवठाची_बर्फी
बासुंदी खाल्ली नसेल तर बोलू नका.

वैतागलेला_भाचा
वाडी झाली दोनदा. आजीला पंचगंगाच बघायचीय, म्हणजे तिचं माहेर चिखलीचं. लग्नानंतर ती तिथल्या संगमावर धड बसलेलीच नाही म्हणते. पण तिथं काही वॉकिंग ट्रॅक नसणार, म्हणून दुसरं विचारतोय.

शेंगोळे
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं की! प्रयाग चिखलीलाच जा. सात-आठ किलोमीटरवर. ट्रॅक कशाला पाहिजे? दत्ताच्या देवळाजवळ आजींना बसवा. बाकीच्यांनी गावातनं, उसाच्या कडेनं हवं तेवढं चालावं आणि परत यावं. बाबागाडीची चाकं मातीत रुततील, बाळाला कडेवर घ्या.

जुनी_माती
तिथं पाच नद्या मिळतात असं सांगू नका पोरांना. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, चारच. सरस्वती गुप्त.

कवठाची_बर्फी
गुप्त म्हणजे नाही असं नव्हे.

दोन_पोरांची_आई
कारखाने सुरू असतील तर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या सुटलेल्या असतात, पोरं रस्त्याच्या कडेला ठेवा. आणि वाटेत गुऱ्हाळ चालू दिसलं तर थांबाच. गरम काकवीपुढं पोरं नदी विसरतात.

वैतागलेला_भाचा
आजीला सांगितलं. पूर यायचा तेव्हा घरातलं काय काय माळ्यावर चढवायचे, ते तासभर सांगत बसलीय. आठला निघतोय. रात्री कळवायचं होतं ते तिनंच सगळ्यांना फोन करून कळवलं.

पेठेतला
परत येताना रंकाळ्यावरनं या. फेरी मारू नका, नुसतं बसा.