विषय: उत्तर: लेटर्स पेटंटची मूळ प्रत कुणाकडे आहे? (ग्राहक निधीचा अर्ज)

प्रेषक: चिटणीस

मंडळी, नमस्कार.
ओटावाच्या ग्राहक व्यवहार कार्यालयाचा अर्ज भरायला घेतलाय. विषय तोच, घर तापवायच्या फर्नेस दारोदार फिरून गळ्यात मारणारे. त्यासाठी लेटर्स पेटंट, म्हणजे आपल्या मंडळाच्या स्थापनेचं सरकारी कागदपत्र, हवंय. माझ्या फायलीत झेरॉक्स आहे, पण दुसरं पान, नेमकं उद्दिष्टांचं, गायब. मूळ प्रत कुणाकडे आहे? शुक्रवारपर्यंत हवी.

आणि परत एकदा: हा निधी कुणाचं कंत्राट सोडवून द्यायला मिळत नाही. संशोधन करायचं, अहवाल लिहायचा, तो सगळ्यांसाठी खुला ठेवायचा. बैठकीत यावरून दोनदा गोंधळ झाला म्हणून लिहितेय.

प्रेषक: खजिनदार

प्रत सापडेल हो. पैशांचं काय? एका संशोधन प्रकल्पाला १ लाख डॉलरपर्यंत देत आलेत म्हटल्यावर बैठकीत सगळ्यांचे डोळे चमकले. पण हे 'काँट्रिब्यूशन' आहे, 'ग्रँट' नाही. पै-पैचा हिशेब, कामाचे तास, पावत्या, वर ऑडिटची तयारी. आधी पदरचे घालायची वेळ आली तर कुठून घालणार? खात्यात आहे ते गणपतीच्या हॉलचं डिपॉझिट. इथे फराळाच्या २६ डॉलरची पावती मला अजून मिळालेली नाही. नाव घेत नाही.

प्रेषक: मिल्टनच्या वहिनी

पावती दिलेली आहे. चकलीच्या भाजणीची. व्हॉट्सॲपवर बघा, फोटोत माझा अंगठापण आलाय.

प्रेषक: नाना, मिसिसागा

अर्जाला माझा विरोध नाही, पण सरकारी पैसा घेतला की जीभ जड होते. मी केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात ३१ वर्षं काढली. आपल्याकडे १९९२ साली ग्राहक कल्याण निधी सुरू झाला, त्यातली गंमत सांगतो. कारखानदाराने जादा शुल्क भरलेलं असायचं, तो परतावा मागायला यायचा. पण ते शुल्क त्याने आधीच किमतीत घालून गिऱ्हाइकाकडून वसूल केलेलं! मग पैसे त्याला परत का द्यायचे? आणि मूळ गिऱ्हाईक शोधणार कुठे? ती रक्कम निधीत जायची आणि त्यातून ग्राहक संस्थांना अनुदान. म्हणजे पैसा मुळात ग्राहकाचाच. इथे तसं काही आहे का? की नुसता तिजोरीतला?

प्रेषक: उपाध्यक्ष

नाना, इथे तिजोरीतलाच. पण जीभ जड होते हे पटत नाही. ओटावातली पीआयएसी ही ग्राहक संस्था १९७६ पासून आहे, माँट्रियालची ऑप्शन कॉन्सोमातर ही दुसरी १९८३ पासून. दोघींनी या निधीतून अहवाल केलेत आणि दोघी सरकारला सुनावतातसुद्धा. शिवाय सीआरटीसीपुढे, म्हणजे टेलिफोन-प्रसारणाच्या नियामक आयोगापुढे, ग्राहकांची बाजू मांडली की खर्चाचा दावा करता येतो. आयोगाने तो मंजूर केला की भुर्दंड टेलिफोन कंपन्यांना. तुमच्या त्या शुल्कासारखंच झालं की.

माझी अडचण निराळी आहे. आपण 'ग्राहक संस्था' ठरतो का? ओंकाच्या (ओंटारिओचा ना-नफा संस्थांचा कायदा) मुदतीआधी, म्हणजे १८ ऑक्टोबर २०२४ च्या आत, घटना बदलायची होती तेव्हाच उद्दिष्टांत एक ओळ घाला म्हणून मी सांगत होतो. तेव्हाच्या समितीला घाई होती. आता नवीन ओळ घालायची तर विशेष ठराव, दोन तृतीयांश मतं. संक्रांतीला तिळगूळ वाटतानासुद्धा आपल्याकडे तेवढी माणसं जमत नाहीत.

प्रेषक: तेव्हाच्या समितीतला एक

घाई नव्हती. मुदत होती. आणि ती ओळ तुम्ही सभेत मांडली नव्हती, पार्किंगमध्ये मांडली होती.

प्रेषक: ब्रॅम्प्टनहून

मी एरवी इथे लिहीत नाही. पण फर्नेसचा विषय आमच्या घरातून निघाला, म्हणून.

बाबा सुपर व्हिसावर (आईवडिलांना इथे लांब मुक्कामासाठी मिळतो तो) आले होते. आम्ही दोघं कामावर. आधी फोन आला, "सरकारी योजना आहे, फुकट तपासणी." बाबा म्हणाले, या. पिवळं जाकीट, गळ्यात ओळखपत्र. बाबांनी त्याला चहा केला, त्याने दोन चमचे साखर मागून घेतली. मग टॅब पुढे केला आणि बाबांनी बोटाने सही केली, देवनागरीत. फर्नेसचं १० वर्षांचं भाडं. घर आमच्या नावावर, सही त्यांची.

दारावर येऊन फर्नेस, एसी, गिझर विकायला ओंटारिओत १ मार्च २०१८ पासून बंदी आहे. कंपनी म्हणाली, आम्हाला बोलावलं होतं. बाबांचं 'या' म्हणजे बोलावणं! मॉर्गेज बदलायला गेलो तेव्हा कळलं, सातबाऱ्यावर बोजा चढवावा तशी घराच्या नोंदीवर त्यांची नोंद. जून २०२४ मध्ये कायद्याने तसल्या नोंदी बंद केल्या, पण आम्ही त्याआधीच पैसे भरून सुटलो होतो.

बाबा पुण्याला परत गेले. फोनवर अजून विचारतात, "तो मुलगा सापडला का?" चहा प्यायला म्हणून त्यांना जास्त लागलंय.

अहवालात एवढंच मोजा: दुपारी घरी एकटे असलेल्या किती आजी-आजोबांनी न वाचता येणाऱ्या कागदावर सही केली.

प्रेषक: काकू, स्कारबरो

वाचून कसंतरी झालं ग. बाबांना म्हणावं, चहा देणाऱ्याची चूक नसते.

बाकी सगळे ठराव आणि मतं काय करत बसलायत? १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली, तेव्हा आमच्या इमारतीतल्या बायकांनी कुणाची घटना बदलली नव्हती. महिन्याची यादी करायची, सामान एकीच्या घरी उतरायचं, जिन्यातच वाटप. तूरडाळीचं पाकीट एक जरी कमी निघालं तरी जिना दणाणायचा. आणि इथली कॅनडाची ग्राहक संघटना १९४७ ची, तीही बायकांचीच. युद्धात दुकानातले भाव टिपणाऱ्या बायका, युद्ध संपलं तरी घरी बसल्या नाहीत.

घरोघरी फोन करून विचारायचं काम मला द्या. मराठीत विचारलं तर लोक खरं सांगतील. आधी पोराबाळांपासून लपवतात.

प्रेषक: खजिनदार

काकू, फोनचे तास लिहून ठेवा. तारीख, वेळ, सही. वहिनी, अंगठा मिळाला, रक्कम दिसत नाही.

प्रेषक: अण्णा (माजी अध्यक्ष)

लेटर्स पेटंट सापडलं. माझ्या बेसमेंटमध्ये, मखराच्या खोक्यात, जुन्या स्मरणिकांखाली. गेली तीन वर्षं 'अण्णांकडे काही नसतं' असं म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

दुसरं पान वाचलं. मराठी भाषा, सण, नाटक वगैरे, आणि शेवटचं कलम (ङ): सभासदांचं सर्वसाधारण कल्याण. ते मीच घालून घेतलं होतं, वकील नको म्हणत असताना. यात फर्नेस बसते का ते आधी त्या कार्यालयाला फोन करून विचारा, मग दोन तृतीयांश मोजा.

प्रत न्यायला गुरुवारी सातनंतर या. मूळ प्रत देणार नाही, माझ्यासमोर स्कॅन करा. मखराचा डावा खांब मोडलेला आहे. तो माझ्याकडे आला तेव्हाच मोडलेला होता.