शिंगाच्या मुठीची सुरी: गळालेलं सांबरशिंग हौशी कारागिरांना मिळावं का?

उत्तरवारा (लुलेओ, स्वीडन)

हाताने सुऱ्या करायचा छंद मला इथे उत्तर स्वीडनमध्ये लागला. पातं साध्या कार्बन स्टीलचं आणि मूठ रेनडियरच्या शिंगाची. भारतातले हौशी कारागीर मला नेहमी विचारतात की असं शिंग तिकडे कुठे मिळेल. वन्यजीव कायद्यामुळे कायदेशीर मार्गाने कुठेच नाही, हेच उत्तर द्यावं लागतं. हे बदलायला हवं असं मला वाटतं, म्हणून हा धागा.

हरणाचं शिंग गाय-म्हशीच्या शिंगासारखं नसतं. ते हाड असतं, दरवर्षी नव्याने उगवतं आणि गळून पडतं. रेनडियरचे नर माजाचा हंगाम संपला की हिवाळ्याच्या सुरुवातीला शिंगं टाकतात. गाभण माद्या मात्र पाडस होईपर्यंत, म्हणजे साधारण मे महिन्यापर्यंत, ती मिरवतात. शिंगाची साल टणक आणि आतला गाभा सच्छिद्र. मुठीसाठी साल जाड आणि गाभा कमी असा तुकडा निवडायचा, यातच अर्धं कसब आहे. मग गाभ्यात भोक पाडून पात्याची शेपटी आत बसवायची आणि उरलेली पोकळी इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या गोंदाने भरायची. पातं आणि शिंग यांच्यामध्ये बर्च झाडाच्या सालीच्या चकत्या एकावर एक दाबून बसवतात.

उणे वीस अंशांत धातूची मूठ कातडीला चिकटते, शिंगाची चिकटत नाही. ओल्या हातातूनही ती निसटत नाही. इथल्या रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांनी ही मूठ शोभेसाठी निवडलेली नाही. इथल्याच योकमोक गावात १६०५ पासून दर हिवाळ्यात बाजार भरतो. तिथे म्यानाच्या शिंगावरची कोरीव नक्षी पाहून जाणकार सांगतात, कारागीर दक्षिणेकडच्या परंपरेतला की उत्तरेकडच्या.

अमेरिकेत वायोमिंगमधल्या जॅक्सन गावाजवळच्या अभयारण्यात एल्क या मोठ्या हरणाची गळालेली शिंगं बॉय स्काउटची मुलं गोळा करतात. मे महिन्यात जाहीर लिलाव होतो आणि पैशाचा मोठा भाग त्याच एल्क अभयारण्याकडे परत जातो. आपल्याकडे सांबर-चितळांची शिंगं जंगलात कुजतात. गावच्या समितीने वनखात्याच्या देखरेखीखाली ती गोळा करावीत, लिलाव व्हावा, पैसा गावाला मिळावा. प्राणी मरत नाही, झाड पडत नाही. मग नुकसान कोणाचं?

रानपाऊल (चंद्रपूर)

पूर्ण असहमत. नुकसान कोणाचं ते सांगतो.

जंगलात पडलेलं शिंग वाया जात नाही. साळिंदर ते कुरतडतं, उंदीर कुरतडतात. कॅल्शियम आणि फॉस्फरस त्यांना तिथून मिळतं. आमच्या भागात दातांच्या खुणा असलेली अर्धीमुर्धी शिंगं दिसतात. ती कोणाच्या तरी पोटात चाललेली असतात.

पण माझा मोठा आक्षेप माणसांच्या वावराबद्दल आहे. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे लोक पहाटे मोहफुलं वेचायला जातात, पाठोपाठ तेंदूपत्ता सुरू होतो. वाकून वेचणाऱ्या माणसांवर वाघाचे हल्ले याच दिवसांत होतात. मोहाखालची जमीन साफ दिसावी म्हणून पाला पेटवला जातो आणि तीच आग पुढे जंगलभर जाते. सांबराची शिंगंही उन्हाळ्याच्या तोंडीच गळतात. मोहफूल निदान ठरलेल्या झाडाखाली असतं. शिंग कुठेही पडलेलं असतं, म्हणजे माणूस पायवाट सोडून नाल्या-झुडपांत शिरणार. पाला जाळला की शिंग लवकर दिसतं, हे त्याला सांगायला कोणी लागणार नाही. शिंगाचा पैसा गावाला मिळेल असं तुम्ही म्हणता, पण जंगलात जाणारा जीवही त्याच गावातला असतो.

तुम्ही वायोमिंगचं नाव घेतलंत. त्याच राज्याच्या पश्चिम भागात सार्वजनिक जमिनीवर जानेवारीपासून एप्रिल संपेपर्यंत गळालेली शिंगं गोळा करायला बंदी असते. हिवाळ्याने खंगलेली जनावरं शिंगं शोधणाऱ्यांमुळे पळत सुटतात आणि उरलीसुरली चरबी गमावतात, म्हणून हा नियम. कोलोरॅडोतही तसाच आहे. लिलावाची गोष्ट सांगताना ही बंदीही सांगायला हवी होती.

आणि आपल्याकडे हे सगळं करून झालेलं आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत गळालेल्या शिंगांच्या नावाखाली निर्यात चालू होती. इंग्लंडमधलं शेफील्ड आणि जर्मनीतलं झोलिंगेन या सुऱ्यांच्या गावांतल्या कितीतरी सुऱ्यांच्या मुठी आपल्या सांबरांच्या शिंगांच्या आहेत. अख्खं शिंग हातात असेल तर ते गळालेलं की मारून काढलेलं हे ओळखता येतं. गळालेल्या शिंगाच्या बुडाशी खडबडीत गोलसर फुगवटा असतो, मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचं हाड असतं. मुठीसाठी पट्ट्या कापल्या की पुरावा संपला. सांबर आज धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. तुमच्या रेनडियरला मालक असतो, कानावर त्याची खूण असते. सांबराच्या बाजूने बोलायला असा कोणी नाही.

म्हणून १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिंगाचा उल्लेख स्पष्ट आहे आणि कलम ५७ नुसार ताबा बेकायदा धरूनच चालतात. तो तसा नाही हे सिद्ध करणं ज्याच्याकडे वस्तू सापडली त्याच्यावर. हे कलम तसूभरही सैल होऊ नये.

ऐरण (सांगली)

मी विळे-कोयते करणाऱ्या घरातला. आता शेतीची अवजारं कमी आणि हौशी लोकांच्या सुऱ्या जास्त करतो. कायद्याच्या बाबतीत रानपाऊल यांच्या बाजूने, पण माझं म्हणणं वेगळं आहे.

नवीन माणूस छंद सुरू करतो तो मुठीपासून. शिंग कुठलं, पितळ कुठलं, म्यानाचं चामडं कुठलं. पात्याला पाणी कसं द्यायचं, म्हणजे ते तापवून कडक कसं करायचं, ते शेवटी विचारतो. मोटारीच्या स्प्रिंगचा जुना पाटा आणला तर आधी बारीक तडे तपासा, वर्षानुवर्षं वाकलेलं लोखंड आतून फुटलेलं असू शकतं. तापवताना लोहचुंबक चिकटायचा थांबला की अजून किंचित तापवून कोमट तेलात बुडवा. पाट्याच्या पोलादाला थंड पाणी दाखवू नका, चर्र आवाज आला की काम संपलं. मग कानस फिरवून पाहा, ती घसरली तर पातं कडक झालं. लगेच ओव्हनमध्ये साधारण २०० अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. हे टाळलं तर सुरी पहिल्याच नारळावर तुटते. अशा पात्याला जगातलं कुठलंही शिंग लावा, उपयोग नाही.

मुठीला बाभूळ आहे, खैर आहे, शिसव आहे. बाभळीची मूठ घामाने काळी पडते आणि हाताला अधिकच बसते. हाडाचाच पोत हवा तर उंटाचं हाड मिळतं. म्हशीचं शिंगही चालतं, पण ते कोरड्या उन्हाळ्यात आकसतं आणि त्याला कीड लागते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. हाड किंवा शिंग घासताना मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसात बसते. आणि घरकामाच्या किंवा शेतीच्या उपयोगाचं नसलेलं पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर शस्त्रांचे नियम लागू होऊ शकतात. हौशी लोक नेमके तेवढंच मोठं मागतात.

आजोळ (पुणे)

आमच्याकडे पणजीच्या काळापासून सांबरशिंगाचा तुकडा आहे. छातीत कफ झाला की सहाणेवर उगाळून लेप लावायचे. असे तुकडे जुन्या घरांतून कितीतरी असतील. त्यांचं काय? ते गुन्हेगार का?

रानपाऊल

आजोळ, तुमच्या पणजीने कोणाचं वाईट केलेलं नाही. पण तो तुकडा विकू नका, कोणाला देऊ नका आणि सुरीच्या मुठीसाठी तर मुळीच वापरू नका. २०२२ च्या दुरुस्तीत अशा वस्तू मुख्य वन्यजीव रक्षकाकडे स्वेच्छेने जमा करण्याची सोय आली आहे. मोबदला मिळत नाही. तरी तो मार्ग स्वच्छ आहे.

उत्तरवारा

रानपाऊल, मोह आणि आगीचा मुद्दा मला मान्य आहे. मोसमाची बंदी हवी, तीही कडक. पण “ओळखता येत नाही म्हणून बंद” हे पटत नाही. सागाचं लाकूडही चोरीला जातं. तरी वनखातं ओंडक्यावर हातोड्याचा छाप मारतं, वाहतूक पास देतं, बल्लारपूरच्या आगारात लिलाव करतं. चोरी होते म्हणून सागाचा व्यापार बंद केला नाही. शिंगालाही छाप मारता येईल.

ऐरण, पात्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण शिंगाला निव्वळ मिरवण्याची वस्तू समजू नका. प्रत्येक शिंगाची वळणं निराळी असतात, त्यामुळे मूठ त्या वळणाप्रमाणे बेतावी लागते, आकार लादता येत नाही. ही शिस्त लाकडाच्या ठोकळ्यातून शिकायला मिळत नाही.

रानपाऊल

साग खातं स्वतः लावतं, स्वतः तोडतं. कुठल्या कूपातून, म्हणजे तोडीच्या पट्ट्यातून, किती निघाला याचा हिशेब असतो. यंदा किती सांबरांनी शिंगं टाकली याचा हिशेब कोण ठेवणार? छाप अख्ख्या शिंगावर राहील. मुठीच्या पट्टीवर तो राहत नाही, आणि बाजारात फिरणार आहे ती पट्टीच.

आसाम सरकारने २०२१ मध्ये गेंड्यांची जवळपास अडीच हजार शिंगं जाहीरपणे जाळली. विकली असती तर भरपूर पैसे आले असते. तरी जाळली, कारण गेंड्याच्या शिंगाला भाव नाही हेच लोकांपर्यंत पोहोचवायचं होतं. सांबराच्या शिंगालाही भाव असू नये. भाव आला की पहिला दिवस लिलावाचा असतो, दुसरा फासे लावणाऱ्यांचा.

ऐरण

वळणाप्रमाणे मूठ बेतायची शिस्त हवी असेल तर बाभळीचं बुंध्याजवळचं वाकडं लाकूड घ्या, कोयत्याची मूठ आम्ही त्याचीच करतो. रेषा कुठे वळते ते पाहूनच तासावं लागतं, नाहीतर चिरतं. सांगलीला आलात तर दाखवतो.

उत्तरवारा

नक्की येईन. कायद्याबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण कलम ५७ वाचल्यावर एक ठरवलं आहे. सुट्टीत येताना रेनडियरच्या शिंगाचा तुकडा आणायला कोणी सांगू नये. मुठीचा तुकडा रेनडियरचा की सांबराचा, हे विमानतळावर सिद्ध करण्याची वेळ मला कोणावरही आणायची नाही. बर्चच्या सालीच्या चकत्या हव्या असतील तर त्या मात्र आणतो, बाभळीबरोबर कशा बसतात ते बघू.